बारावीनंतर जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीसाठी अर्ज : अभ्यास, शिफारसपत्र आणि कागदपत्रांविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न : भांडुपची विद्यार्थिनी

नमस्कार. मी यंदा महाराष्ट्र राज्य मंडळाची बारावीची परीक्षा विज्ञान शाखेतून ८९ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाले आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण भांडुपमधील मराठी माध्यमाच्या शाळेत झाले आणि त्यानंतरची दोन वर्षे मुलुंडमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली. मला स्थापत्य अभियांत्रिकी शिकायची असून त्यातही पावसाच्या पाण्याचा निचरा आणि पूरनियंत्रण या विषयांकडे माझा ओढा आहे. जपान सरकारचे शिक्षण मंत्रालय बारावी झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांना पदवी शिक्षणासाठी जी मेक्स्ट शिष्यवृत्ती देते, तिच्यासाठी अर्ज करावा असे मी ठरवले आहे. घरात परदेशी शिक्षणाचा अनुभव असलेले कोणीही नाही, म्हणून काही गोष्टी जाणकारांना विचारते.

पहिली शंका अभ्यासाची. गेले वर्षभर मी मंडळाची परीक्षा आणि एमएचटी-सीईटी यांचीच तयारी केली. मेक्स्टची लेखी परीक्षा यापेक्षा किती वेगळी असते, आणि तिच्यासाठी मी एक वर्ष थांबावे की इथे प्रवेश घेऊन अर्ज करावा? दुसरी शंका शिफारसपत्राची. कनिष्ठ महाविद्यालयात आमच्या तुकडीत शंभराहून अधिक विद्यार्थी होते आणि बहुतेक जण खासगी क्लासला जात असल्यामुळे प्राध्यापकांची आणि माझी फारशी ओळख झालीच नाही. अशा वेळी पत्र कोणाकडून घ्यावे? तिसरी गोष्ट कागदपत्रांची : माझा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आहे आणि पारपत्र अजून काढलेले नाही. एका सल्लागार संस्थेने अर्ज भरून देण्यासाठी मोठी रक्कम मागितली आहे. वडील ती भरायला तयार आहेत, पण माझे मन घेत नाही.

उत्तर : पवईकर

मी स्वतः हीच शिष्यवृत्ती घेऊन जपानला गेले होते. पहिले वर्ष ओसाका विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात आणि पुढची चार वर्षे सेंडाईच्या तोहोकु विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकले, म्हणून परीक्षेविषयी थोडे सविस्तर लिहिते.

आधी सल्लागार संस्थेचे. या अर्जाला शुल्क नाही. अर्जाचे नमुने आणि सूचना जपानी दूतावासाच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळतात आणि त्यात तुला स्वतःला भरता येणार नाही असे काहीच नसते. त्यामुळे वडिलांना ती रक्कम भरू देऊ नकोस. शिवाय अर्जात विषय निवडण्याचे कारण लिहावे लागते आणि मुलाखतीतले प्रश्न त्यावरूनच निघतात. दुसऱ्याने लिहून दिलेल्या कारणाचा बचाव मुलाखतीत करता येत नाही.

शिष्यवृत्तीत नेमके काय मिळते, हे घरी नीट समजावून सांग. अभियांत्रिकीसाठी ती एकूण ५ वर्षांची असते. त्यातले पहिले वर्ष जपानी भाषेच्या आणि मूलभूत विषयांच्या पूर्वतयारीचे असते आणि पुढची ४ वर्षे पदवीची असतात. विद्यापीठाचे शुल्क माफ असते, जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते आणि दरमहा १,१७,००० येन विद्यावेतन मिळते. येनचा दर खालीवर होत असला तरी ही रक्कम साधारण ६५ ते ७० हजार रुपयांच्या घरात जाते. जपानमधील राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन आहे, म्हणजे शुल्कमाफी किती मोठी आहे हे लक्षात येईल. मात्र दोन गोष्टी मनाशी पक्क्या असू देत. शिक्षण जपानी भाषेतून होते आणि विद्यापीठ आपण स्वतः निवडत नाही, कारण पूर्वतयारीच्या वर्षातली कामगिरी पाहून ते ठरवले जाते. ज्यांना एका ठरावीक विद्यापीठाचाच ध्यास आहे त्यांना हे जड जाते. तुझे मन विषयावर आहे, त्यामुळे तुला ते पेलेल असे वाटते.

आता लेखी परीक्षा. स्थापत्य अभियांत्रिकी ज्या गटात येते त्या गटासाठी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी आणि जपानी असे विषय असतात. जपानी येत असलेच पाहिजे अशी अट नाही, तरी तो पेपर सगळ्यांना द्यावा लागतो आणि तुझी पातळी किती आहे हे त्यातून कळते. विज्ञान शाखेसाठी गणिताची स्वतंत्र, अधिक अवघड प्रश्नपत्रिका असते. निर्णायक विषय तोच आहे आणि आपल्या मंडळाची हुशार मुले बहुधा तिथेच अडतात. याचे कारण बुद्धीत नसून सवयीत आहे. मंडळाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे शेवटचे उत्तर चुकले तरी बरेचसे गुण पदरात पडतात. सीईटीत चार पर्याय समोर असल्यामुळे उत्तराची चाचपणी करता येते. मेक्स्टच्या गणितात पर्याय नसतात आणि पायऱ्यांचे गुणही नसतात. रिकाम्या चौकटीत फक्त उत्तर लिहायचे असते आणि वेळ ६० मिनिटांचाच असतो.

दुसरी अडचण अकरावीची आहे. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्केच महत्त्व असल्यामुळे आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष मानले जाते. मेक्स्टच्या प्रश्नपत्रिकांत मात्र संमिश्र संख्या, श्रेणी, क्रमचय-संचय आणि संभाव्यता हे विषय वारंवार येतात आणि यातला बराच भाग अकरावीच्याच पुस्तकात आहे. त्यामुळे सुरुवात तिथून कर. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह ‘स्टडी इन जपान’ या जपानच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका सोडव, जे प्रश्न राहिले त्यांचे धडे पुस्तकातून पुन्हा वाच आणि मगच पुढची घे. सगळ्या प्रश्नपत्रिका एका दमात सोडवून संपवल्या तर स्वतःची पारख करायला हातात काहीच उरत नाही. भौतिक आणि रसायनशास्त्र तुलनेने सोपे जातील. इंग्रजीत व्याकरण आणि शब्दसंग्रह पक्का हवा. मराठी माध्यमातून आल्याचा न्यूनगंड इथे बाळगण्याचे कारण नाही, कारण तो पेपर नियम नीट समजलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूचा असतो.

जपानीबद्दल एकच सांगते. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या आणि पहिल्या पायरीचे व्याकरण आत्तापासून सुरू कर. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा मुंबईत जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. तिचे प्रमाणपत्र या अर्जासाठी सक्तीचे नसले, तरी भाषा शिकण्याची तुझी तयारी त्यातून दिसते.

उत्तर : मुलुंडचे पालक

माझ्या मुलाने हाच अर्ज केला होता. लेखी परीक्षेत त्याची निवड झाली नाही. आज तो माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत आहे आणि समाधानी आहे. त्यामुळे थांबावे की प्रवेश घ्यावा, या प्रश्नाविषयी ठामपणे सांगतो : प्रवेश घ्यावा.

या शिष्यवृत्तीचे वेळापत्रकच तसे आहे. अर्ज साधारण एप्रिल ते जूनच्या सुमारास मागवले जातात, त्यानंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. दूतावासाच्या शिफारशीनंतर जपानमध्ये दुसरी छाननी होते आणि अंतिम निकाल पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हाती येतो. प्रस्थान एप्रिलमध्ये असते. म्हणजे बारावीनंतर लगेच अर्ज केला तरी जवळजवळ वर्ष इथेच जाते. ते वर्ष घरी बसून काढण्यापेक्षा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित शिकण्यात जावे हे बरे. निवड झाली तर प्रवेश रद्द करता येतो. भारतभरातून मोजकेच विद्यार्थी निवडले जातात, हे कोणत्याही पालकाने विसरू नये.

आपल्या राज्यातील सवलतीही तपासाव्यात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते. त्यासाठी तहसीलदार कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी असते, म्हणून तो आताच काढावा. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे नाव अनेक जण सुचवतील. वर्षाला ८० हजार रुपयांची ती योजना उत्तम आहे, पण ती मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी असल्यामुळे अभियांत्रिकीला तिचा उपयोग नाही.

आता कागदपत्रे. गुणपत्रिका शेवटच्या तीन वर्षांच्या लागतात आणि आपल्या पद्धतीत त्या दोन ठिकाणांहून येतात. दहावी आणि बारावीच्या मंडळाच्या असतात, पण अकरावीची परीक्षा महाविद्यालय स्वतः घेते. तिची गुणपत्रिका बहुतेक मुलांनी जपून ठेवलेली नसते आणि कार्यालयातून दुसरी प्रत मिळवायला वेळ लागतो. हे काम पहिले करावे. मराठी दाखल्याचा इंग्रजी अनुवाद करून तो प्रमाणित करून घ्यावा. महाविद्यालयात प्रवेश घेताना मूळ दाखला तिथे जमा करावा लागतो, म्हणून त्याआधीच पुरेशा साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.

नावाचा घोळ टाळावा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, तर पारपत्रात नाव आणि आडनाव असे दोन वेगळे रकाने असतात. पारपत्राचा अर्ज भरताना वडिलांचे नाव कुठल्या रकान्यात जाते ते नीट पाहावे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात पारपत्राप्रमाणेच नाव लिहावे. वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांच्याच नमुन्यात, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी साध्या कागदावर लिहून दिलेले चालत नाही.

उत्तर : दादरच्या निवृत्त प्राध्यापिका

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि त्या काळात बरीच शिफारसपत्रे लिहिली, म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला थोडाफार आहे असे समजते.

हे पत्र तू शेवटी जिथे शिकलीस त्या संस्थेच्या प्राचार्यांचे किंवा शिक्षकांचे असावे लागते. क्लासचे सर तुला कितीही चांगले ओळखत असले तरी त्यांचे पत्र इथे उपयोगी नाही. त्यामुळे महाविद्यालयातच जावे लागेल. ओळख नाही म्हणून संकोच करू नकोस, पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. शिक्षकासमोर विद्यार्थी उभा राहून ‘मॅडम, पत्र द्या’ एवढेच म्हणतो, तेव्हा शिक्षक तरी काय लिहिणार? ‘विद्यार्थिनी हुशार, मेहनती आणि शिस्तप्रिय आहे’ हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडते आणि त्यातून निवड समितीला काहीही कळत नाही.

तुझ्या प्रयोगवह्या घेऊन जा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाचा तुझा प्रकल्प घेऊन जा. हा विषय बारावीला सक्तीचा आहे, सगळे त्याला दुय्यम मानतात आणि अनेक मुले एकमेकांचे प्रकल्प उतरवून काढतात, याचे मला आजही वाईट वाटते. तू जर तो प्रामाणिकपणे केला असशील, आणि तुझी आवड पाहता केला असशील असे वाटते, तर ज्या शिक्षकांनी तो तपासला त्यांच्याकडेच शिफारसपत्र माग. त्यांना तुझ्या कामातली एखादी नेमकी गोष्ट लिहिता येईल. सोबत एका पानावर तुझे गुण, निवडलेला विषय, शिष्यवृत्तीची माहिती आणि पत्र कोणत्या तारखेपर्यंत हवे ते लिहून दे. किमान तीन आठवडे आधी दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक गावी गेलेले असतात, हेही ध्यानात ठेव.

आपल्या मुंबईत शालान्त परीक्षेनंतरच्या शिष्यवृत्तीची परंपरा फार जुनी आहे. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. तिथे गुण हाच निकष होता आणि तो सगळ्यांना समजत होता. तुझ्या अर्जात गुणांच्या जोडीला विषय का निवडला हेही विचारतात, आणि त्या लेखनाची सवय आपली शाळा लावत नाही. म्हणून तुझ्या अर्जातले कारण तू इथे लिहावेस असे मला वाटते. आम्ही सगळे वाचू.

भांडुपची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. पवईकरताई, वडिलांना तुमचे उत्तर वाचून दाखवले आणि त्यांनी त्या संस्थेला नकार कळवला. काकांनी सांगितल्याप्रमाणे अकरावीच्या गुणपत्रिकेसाठी कार्यालयात अर्ज दिला आहे. बाई, प्रकल्प मीच केला होता. आमच्या वस्तीजवळच्या नाल्याची पावसाळ्यातली पाण्याची पातळी मी रोज भिंतीवरच्या खुणेने मोजली होती. तो तपासणाऱ्या मॅडमना उद्याच भेटते.

कारणाचा मसुदा असा आहे : ‘२६ जुलै २००५ रोजी मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. माझे शहर दरवर्षी पाण्याखाली जाते. जपान हा तंत्रज्ञानात अग्रेसर देश आहे. तिथे टोकियोजवळ पुराचे पाणी वाहून नेणारा प्रचंड भूमिगत बोगदा आहे. ते तंत्रज्ञान शिकून मुंबईत तसाच बोगदा बांधण्याचे माझे स्वप्न आहे.’

उत्तर : पवईकर

तळमळ खरी आहे, पण हा मसुदा असाच ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. २६ जुलैचा आकडा सांताक्रूझ वेधशाळेचा आहे, तो बरोबर आहे, पण तो तुझा नाही. त्या वेळी तुझा जन्मही झालेला नव्हता. मुंबईतून स्थापत्यासाठी अर्ज करणारा कोणीही त्या दिवसापासूनच सुरुवात करील. तू भिंतीवर खूण करून नाल्याची पातळी मोजलीस हे मात्र दुसरा कोणी लिहू शकणार नाही, आणि नेमके तेच मसुद्यात नाही.

दुसरे, त्या बोगद्याचा नीट अभ्यास कर. साईतामा प्रांतातील कासुकाबे इथला हा प्रकल्प २००६ मध्ये पूर्ण झाला. बोगदा सुमारे ६.३ किलोमीटर लांब आणि जमिनीखाली साधारण ५० मीटर खोल आहे. लहान नद्यांना पूर आला की त्यांचे जादा पाणी मोठ्या उभ्या विहिरींमधून खाली उतरते, एका विशाल टाकीत येते आणि तिथून पंपांनी एदो या मोठ्या नदीत सोडले जाते. म्हणजे तिथे पाणी सोडायला एक सक्षम नदी आहे. मुंबईचे दुखणे वेगळे आहे. आपले निचऱ्याचे पाणी समुद्रात आणि खाड्यांमध्ये जाते, आणि मोठी भरती असेल तर त्याला बाहेर पडायला वाटच नसते. जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाचा अंदाज धरून, तोही ओहोटीच्या वेळचा, बांधलेल्या होत्या. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरील १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली आणि हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रे (पाणी उपसून समुद्रात सोडणारी पंपिंग स्टेशन) त्याच योजनेतून उभी राहिली. तेव्हा ‘तसाच बोगदा मुंबईत’ या वाक्यावर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल : पाणी शेवटी कुठे सोडणार? त्याचे पूर्ण उत्तर आज तुझ्याकडे नसले तरी चालेल, पण हा प्रश्न तुला स्वतःला पडलेला आहे हे लिखाणात दिसले पाहिजे.

तुझ्या नोंदींच्या शेजारी त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा लिहून बघ. त्या तुला वर्तमानपत्रात किंवा महापालिकेच्या पावसाळी माहितीत मिळतील. पाऊस थांबल्यावरही पातळी उतरली नाही असे दिवस आढळले, तर ते भरतीमुळे होते की गाळ-कचऱ्यामुळे, हे शोधण्याचा प्रयत्न कर. उत्तर काहीही निघो, तुझे कारण त्यातूनच तयार होईल. ‘तंत्रज्ञानात अग्रेसर देश’ हे वाक्य काढून टाक.

अर्जात पसंतीचे तीन विषय देता येतात. पहिला स्थापत्य ठेव आणि उरलेले दोन त्याच परीक्षा-गटातले निवड, म्हणजे तयारी विभागली जाणार नाही.

उत्तर : दादरच्या निवृत्त प्राध्यापिका

पवईकरांशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक जोडते : ज्या दिवशी नोंद घ्यायची राहिली असेल तो दिवस तक्त्यात कोरा ठेव, अंदाजाने भरू नकोस. मॅडमना भेटायला जाशील तेव्हा हा भरतीचा तक्ताही सोबत ने. पत्र लिहायला बसताना त्यांना तो प्रकल्पाच्या वहीइतकाच उपयोगी पडेल.

भांडुपची विद्यार्थिनी

काही दिवस कोरे आहेत, ते तसेच ठेवते. वहीतल्या नोंदींत दोन वेळा पाऊस नसतानाही पातळी वाढलेली आहे. तेव्हा मला ती मोजण्यातली चूक वाटली होती. त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा शोधून नवा मसुदा रविवारपर्यंत इथे देते.